भुकेची चिल्लर

मे २०२५मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कुठल्या पदार्थात साखर किती आणि मुलांनी दिवसाला किती खावी, हे भिंतीवर मांडायचं. त्या परिपत्रकात म्हटलं होतं की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के साखरेतून येतात, आणि यायला हव्यात फक्त ५ टक्के. बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या बाकावर शाळेची कॅन्टीनं, जाहिराती, चॉकलेटवाले सगळ्यांवर तोंडसुख घेऊन झालं. मग एकजण हळूच म्हणाली, “ते सगळं खरं गं. पण आमचा तर त्याशिवाय काही खातच नाही. आणि वर दिवसभर भूक भूक करत असतो.”

बाकावर शांतता. कारण हे घरोघरचंच.

आमच्या घरचं सांगते. चिरंजीव वय वर्षे पाच. सहा वाजता खालून खेळून येतात. एक बूट दारात, दुसरा सोफ्याखाली, मानेवर मातीच्या काळ्या रेघा, आणि हात न धुता थेट बिस्किटांच्या डब्यात. साडेआठला पान मांडलं की ताटातली पडवळाची भाजी बघून, “मला भूकच नाहीये.” पावणेदहाला दिवा मालवला की अंधारातून बारीक आवाज येतो, “आई, भूक लागली.”

भूक आहे, पण जेवण नको. हे कोडं वाटतं तेवढं अवघड नाही. फक्त ते नीट सुटायला मुलाच्या पोटात काय चाललंय इथून सुरुवात करावी लागते.

बाळ असताना वाटीभर खिमट चापायचा, तो हाच का?

हाच. जन्मतः तीनेक किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोंच्या आसपास जातं. म्हणजे तिप्पट. हाच वेग पुढे चालू राहिला तर तिसऱ्या वाढदिवसाला पोर ८१ किलोंचं व्हायचं! तसं होत नाही. दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोंची भर पडते आणि मग शाळेत जाईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलो. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमकं तेव्हाच मूल चालायला, ‘नाही’ म्हणायला शिकतं, आणि आपल्याला वाटतं की ते हट्टी झालं.

उरलेली भूकही सरळ रेषेत चालत नाही. लीन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी २ ते ५ वर्षांच्या १५ मुलांचं सहा दिवसांचं खाणं मोजलं. १९९१ साली ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. एकेका जेवणातला चढउतार ३४ टक्क्यांच्या घरात निघाला. पण दिवसाची एकूण बेरीज जेमतेम १० टक्क्यांनी वरखाली होत होती. दुपारी कमी खाल्लेलं मूल संध्याकाळी भरून काढत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागे लागलं नव्हतं.

आपण मात्र हिशेब ताटागणिक मांडतो. दुपारचं अर्धं ताट उरलं की आपला जीव वरखाली.

स्कूटीची टाकी

आता ‘दिवसभर भूक भूक’ कुठून येते ते बघू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या, साधारण १८ किलोंच्या मुलाला दिवसाला १३६० कॅलरी लागतात. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोंच्या बाप्याला २११०. वजनाने भागून बघा. मुलाला किलोमागे सुमारे ७५, बापाला ३२. म्हणजे गरज दुपटीहून जास्त, आणि पोट एवढंसं. स्कूटीच्या टाकीवर ट्रकच्या फेऱ्या मारण्यातला प्रकार. टाकी लहान असेल तर ती वारंवार भरावी लागते, आणि जे भरू ते कसदार असावं लागतं.

आहारशास्त्रात याला ऊर्जाघनता म्हणतात, म्हणजे एका वाटीत किती कॅलरी मावतात. वाटीभर पातळ पेज आणि वाटीभर मऊ खिचडीवर तूप, दोन्हींनी पोट सारखंच भरतं. पण पेजेने तासाभरात पोट पुन्हा रिकामं. स्निग्धांशाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, पिष्ट आणि प्रथिनांत ४. म्हणून वरणभातावर चमचाभर तूप घातलं की घास न वाढवता ४५ कॅलरी वाढतात. आमच्या सासूबाई हे आकडे न शिकता पंचेचाळीस वर्षं तेच करत आल्या आहेत, आणि मध्ये काही वर्षं मी ‘एवढं तूप नको हो आई’ म्हणून त्यांचा हात अडवत होते. चूक माझी होती. धावणाऱ्या लहान मुलाच्या ताटात मोठ्यांचं डाएट मांडायचं नसतं.

नोट मोडली की उरत नाही

मुख्य मुद्दा इथे आहे. मुलाची भूक शंभराच्या नोटेसारखी समजा. जेवणाच्या वेळी ती सबंध नोट हातात असेल तर मूल तिची भाजी-पोळी विकत घेतं, थोडी नावडतीसुद्धा. पण साडेपाचला दोन बिस्किटं, सहाला दूध, पावणेसातला शेजारच्या काकूंकडचा लाडू, सव्वासातला ‘जेवण होईस्तोवर’ चार चिप्स, असं केलं की नोट मोडते. चिल्लर होते. साडेआठला खिशात दहा रुपये उरतात, आणि दहा रुपयांत कुणी पडवळ घेत नाही.

हिशेब करून बघा. कपभर दूध, दोन चमचे साखर: साधारण १५० कॅलरी. सोबत पाच-सहा साधी बिस्किटं: शंभर-सव्वाशे. म्हणजे दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा मुलाने उभ्याउभ्या संपवला. वर तो मैदा आणि साखर असल्याने फार वेळ टिकतही नाही, म्हणून पावणेदहाला पुन्हा हाक. साखरेची ५ टक्क्यांची मर्यादा या वयाला सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे चार सपाट चमचे होते. दोन तर दुधातच गेले.

मूल खोटं बोलत नसतं. साडेआठला त्याला खरंच भूक नसते आणि पावणेदहाला खरंच असते. घड्याळ आपण बिघडवलेलं असतं.

म्हणून उपाय पदार्थांच्या आधी वेळेचा. तीन जेवणं, दोन मधली खाणी, आणि प्रत्येकात अडीच-तीन तासांचं अंतर. मधे फक्त पाणी. खेळून घामाघूम आलेल्या मुलाला तर आधी तहानच लागलेली असते. आमच्याकडे आता डबा वरच्या फळीवर आणि पाण्याचा पेला खाली असतो. पहिले चार दिवस घरात रणकंदन झालं, हेही सांगते.

सहाचं खाणं खाऊ न समजता छोटं जेवण समजायचं. कारण दिवसातली सगळ्यात खणखणीत भूक त्याच वेळी असते, आणि ती आपण बिस्किटांवर उधळतो. सकाळच्या पोळीचा तूप-गुळातला लाडू, थालीपीठ आणि लोणी, मुगाचं धिरडं, उकडलेलं अंडं (सहा ग्रॅम प्रथिनं, दहा मिनिटांचं काम), केळं आणि मूठभर शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू. वीस ग्रॅम शेंगदाण्यांत ११० कॅलरी आणि पाच ग्रॅम प्रथिनं असतात. फक्त पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट किंवा चटणी द्या. आणि रात्रीचं जेवण त्या मानाने हलकं झालं तर होऊ दे.

मग काय खायचं ते पोरालाच ठरवू द्यायचं?

अर्धं. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी यासाठी एक सोपी वाटणी सांगितली आहे. काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्या घरांत नेमकं उलट चालतं. ‘काय करू रे तुला? मॅगी करू?’ असं विचारून ‘काय’ मुलाच्या हाती देतो आणि ‘एवढं संपवच’ म्हणून ‘किती’ आपल्या हाती ठेवतो.

मुलाच्या अंदाजावर विश्वास ठेवायचा याला एक जुना, अजब पुरावा आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९२०च्या दशकात नुकतं अंगावरचं तोडलेल्या १५ बाळांसमोर एकूण ३४ प्रकारच्या पदार्थांतून निवडीचं खाणं मांडलं. दाया नुसत्या बसून राहायच्या. बाळाने बोट दाखवलं तरच चमचा पुढे करायचा. कुणी नाश्त्याला संत्र्याचा रस आणि कलेजी खाल्ली, कुणी रात्री अंडी, केळी आणि दूध. एकाचंही खाणं दुसऱ्यासारखं नव्हतं, पण सगळी मुलं धष्टपुष्ट वाढली. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही. पण त्यातली मेख डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवली: त्या ३४ पदार्थांत साखर, मैदा, डबाबंद असं काही नव्हतंच. निवड मुलाची होती, यादी मोठ्यांची.

“पण तो भाजी बघूनच तोंड फिरवतो!”

याला शास्त्रात निओफोबिया म्हणतात: अनोळखी अन्नाची भीती. साधारण दोन ते सहा या वयात ती सर्वांत जास्त असते. अभ्यासक त्याचं कारण असं लावतात की रानावनात राहणाऱ्या माणसाचं पोर चालायला लागलं की दिसेल तो पाला तोंडात घालणार. त्या वयात ‘हिरवं आणि कडवट थुंकून टाक’ असा पहारेकरी जिभेवर बसलेला असणं फायद्याचं होतं. वर लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र लागते, आणि काहींना तर जन्मजातच. तेव्हा तुम्हाला ‘किंचित कडसर’ लागणारी मेथी त्याला कारल्यासारखी लागत असेल. तो नाटक करतोय असं धरून चालू नका.

पहारेकऱ्याला लाच चालत नाही, ओळख चालते. बर्चबाईंच्याच प्रयोगांतून दिसलं की नवा पदार्थ आवडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा तरी तो चाखायला लागतो. आपण तीनदा देऊन ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारतो, आणि तो शिक्का मूल ऐकत असतं.

पण रोज वाटीभर भोपळा करून फेकून द्यायचा का? नाही. इथे आपल्या ताटाची डावी बाजू कामाला येते. उजवीकडे भाजी, आमटी असे पोटभरीचे पदार्थ. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, म्हणजे चमचाभरच वाढायचं. नवी भाजी मुलाला डावीकडे वाढा. एक फोड. ती खायची सक्ती नाही, काढून टाकायचं नाही, त्यावर चर्चाही नाही. उजवीकडे त्याच्या ओळखीचं काहीतरी असलंच पाहिजे, नाहीतर ताट म्हणजे परीक्षा होते. काकडीची कोशिंबीर आमच्याकडे अशीच डावीकडून उजवीकडे आली. दोन महिने लागले.

शेजारी कोण बसलंय यानेही फरक पडतो. १९८०च्या एका अभ्यासात बालवाडीतल्या मुलाला वेगळी भाजी आवडणाऱ्या मुलांच्या पंगतीत बसवलं, तर काही दिवसांत ते मूल त्यांची भाजी निवडू लागलं. शाळेत सगळ्यांबरोबर खिचडी चाटूनपुसून खाणारा पोरगा घरच्या खिचडीला नाक मुरडतो, त्यात तुमच्या हाताच्या चवीचा दोष नाही. घरी तो एकटा जेवतो आणि आपण उभे राहून त्याला बघत असतो.

“दोन घास बळेबळे भरवले तर काय बिघडलं?”

त्या दिवशी काहीच नाही. दोन घास पोटात गेले. पण २००६च्या एका अभ्यासात मुलांना सूप देताना काहींना ‘सूप संपव’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं, काहींना काहीच सांगितलं नाही. ज्यांच्या मागे लागले त्यांनी कमी प्यायलं आणि त्या सूपला नावं ठेवली.

लाचेचंही तसंच. ‘भाजी खाल्लीस तर आइस्क्रीम’ म्हटलं की मूल दोन गोष्टी शिकतं: आइस्क्रीम हे बक्षीस आहे, आणि भाजी इतकी वाईट आहे की ती खायला मोबदला द्यावा लागतो.

चिऊ-काऊचे घास मात्र मी या यादीत घालणार नाही. वर्षा-दोन वर्षांच्या बाळाला मांडीवर घेऊन, त्याच्याकडे बघत भरवणं हा संवाद असतो, आणि त्याने तोंड मिटलं की आपल्याला कळतं. मोबाइलसमोर भरवताना मूलही तोंड मिटायला विसरतं आणि आपणही बघत नाही. पोट भरल्याची खूण ओळखायची सवय तिथेच मोडते.

आणि ‘पानात टाकायचं नाही’? नियम चांगला आहे, मलाही तो सोडवत नाही. फक्त तो वाढणाऱ्याने पाळायचा. दोन चमचे वाढा, हवं तर मागू दे.

“म्हणजे पोराला उपाशी झोपवायचं?”

हा प्रश्न आमच्याकडे सासूबाईंनी विचारला, आणि त्यांचा आवाज चढला होता. “अगं, पोटात अन्न नसेल तर झोप तरी लागेल का त्याला? निदान दूध तरी घेऊ दे.”

त्यांचं म्हणणं मला पटतं. भुकेची शिक्षा करायची नाही. पण ‘जेवलं नाही तर बोर्नव्हिटा मिळतो’ हे मुलाला एका आठवड्यात समजतं. त्यामुळे आम्ही एक तडजोड ठरवली: झोपण्याआधी मागितलं तर दहीभात. रोज तोच. पोट भरतो, चांगला आहे, आणि त्याच्यासाठी जेवण सोडून द्यावं इतका मोहक नाही. पहिल्या आठवड्यात चिरंजीवांनी पाच रात्री दहीभात खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात एकदाच.

हे सगळं ज्या घरात डबे भरलेले आहेत तिथलं. जिथे मूल पुरेसं न मिळाल्यामुळे भुकेलं आहे, तिथे ‘मधे काही देऊ नका’ हा सल्ला क्रूर आहे. तिथे मिळेल तेव्हा मिळेल ते द्यावं आणि अंगणवाडीत वजन करून घ्यावं.

दूध आणि डब्यातली पावडर

‘जेवत नाही, पण दूध भरपूर पितो’ हे आपण कौतुकाने सांगतो. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात लोहाच्या अन्नाला जागा उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१मध्ये महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांना रक्तक्षय होता. आणि लोह कमी झालं की भूक आणखी मरते. दोन कप पुरे. पोह्यांवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. मुलाला चहा नको, त्याने उलटं होतं.

पावडरीचं थोडक्यात. एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, कारण कायद्यात अशा सदराची व्याख्याच नाही. डब्याच्या मागे १०० ग्रॅममध्ये साखर किती ते वाचा आणि मग ठरवा.

हट्ट नसतो तेव्हा

बहुतेक नखरेल मुलं ठणठणीत असतात. उंची-वजनाचा तक्ता आपल्या रेषेवरून चाललाय, मूल दिवसभर उड्या मारतंय, तर हाडं दिसतात म्हणून घाबरू नका. पण काही खुणांकडे काणाडोळा करू नये. वजन उतरणं किंवा महिनोन्महिने तिथेच राहणं. खडू, माती, भिंतीचे पोपडे खाणं. ही बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेची खूण असते. घास गिळताना ठसका, ओकारी, दुखणं. खाण्यातले पदार्थ हळूहळू गळत जाऊन दहा-बारावर येणं, किंवा एका रंगाचं, एका पोताचंच खाणं. या शेवटच्या प्रकाराला २०१३पासून वैद्यकशास्त्रात स्वतंत्र आजाराचं नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिथे डावी-उजवी बाजू पुरत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे जावं.

त्याआधी दोन साध्या गोष्टी. मुलाला रोज शी साफ होते का? बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला भूक लागतच नाही, आणि हे कित्येकदा घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि १० फेब्रुवारी, १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकली तर नाही ना?

आमच्याकडचं पडवळ अजून डावीकडेच आहे. परवा चिरंजीवांनी त्याच्या दोन चकत्या बोटांत अंगठ्यांसारख्या घातल्या, आजीला दाखवल्या, एक चावली आणि ताटाच्या कडेला काढून ठेवली. सासूबाई काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांना आमटी वाढली.